महिनाभर कोणी फिरकले नाही म्हणून

गूगल कंपनीने जुलै २०२४ मध्ये एक निवेदन काढले. लांबलचक वेबपत्ते छोटे करून देणारी 'गू डॉट जीएल' नावाची सेवा ही कंपनी पूर्वी चालवत असे. नवे छोटे पत्ते तयार करण्याची सोय कंपनीने मार्च २०१९ मध्येच बंद केली होती. आधी तयार झालेले पत्ते मात्र चालू होते. आता २५ ऑगस्ट २०२५ नंतर तेही चालणार नाहीत, असे या निवेदनात म्हटले होते. त्यासाठी दिलेले एक कारण असे की, या पत्त्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक पत्त्यांवर मागच्या महिन्यात कोणी आलेच नव्हते.

आमचे भांडण या कारणाशी आहे. सेवा बंद करण्याचा हक्क कंपनीला आहे की नाही हे वकिलांनी पाहावे. पण महिनाभर कोणी फिरकले नाही म्हणून मोडीत काढा, हे तत्त्व एकदा मान्य केले तर आपल्याकडे काय शिल्लक राहते ते बघा. कोणत्याही तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात जा आणि कपाटातली पुस्तके मोजा. मागच्या महिन्यात त्यांतली किती बाहेर निघाली? तहसील कचेरीतले जुने फेरफार, जन्ममृत्यूची नोंदवही, घरच्या पेटीत घडी घालून ठेवलेला आजोबांचा कबाला, यांना महिन्याला किती माणसे हात लावतात? प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर वीस-वीस वर्षे कोणी उघडत नाही. मग एक दिवस नातवाला जातपडताळणी समितीपुढे उभे राहायचे असते आणि आजोबांच्या नावापुढची ती एक ओळ हवी असते. त्या एका दिवसासाठी ते रजिस्टर वीस वर्षे कपाटात ठेवलेले असते. नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दर ९ सप्टेंबरला त्यांना फुले वाहिली जातात. एखाद्या व्यवस्थापकाने भर मे महिन्यात येऊन तिथली माणसे मोजली, तर तो काय निष्कर्ष काढील?

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा. लिंकला मराठीत 'दुवा' हा चांगला शब्द रूढ होतो आहे. पण आमच्या घरात दुवा म्हटले की हात वर करून मागतात ती. दोन्हींचा घोटाळा नको, म्हणून इथे आम्ही लिंक असेच म्हणू.

छोटी लिंक म्हणजे एका वहीतली एक ओळ. डाव्या रकान्यात पाच-सहा अक्षरांची खूण आणि उजव्या रकान्यात पूर्ण पत्ता. वही कंपनीच्या ताब्यात. आपण खूण दाबली की आधी कंपनीच्या दारात जातो, कंपनी वही पाहते आणि खऱ्या पत्त्याकडे पाठवते. वही मिटली तर पलीकडचे पान जागेवर असूनही सापडत नाही. घर शाबूत, आत माणसे आहेत, दिवा लागलेला आहे. फक्त नाक्यावर वाट सांगणारा उठून गेला. वेबवरची पाने एरवीही मरतातच. अमेरिकेतल्या प्यू या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले की २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी मिळेनाशी झाली होती. पण ते मरण पानांचे आपले असते. इथे जिवंत पानांची वाट मोडली जाते, आणि म्हणून ही गोष्ट अधिक लागते.

'मग छोट्या लिंका वापरल्याच कशाला?' असे शहाणे लोक विचारतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याने हा प्रश्न विचारावा; त्याला शोभतो. मराठीत लिहिणाऱ्यासाठी ती चैन नव्हती. वेबपत्त्यात देवनागरी अक्षर आले की संगणक पुष्कळदा ते आतल्या सांकेतिक रूपात पाठवतो. 'न' या एका अक्षराचे होते: टक्क्याचे चिन्ह, ई, शून्य, टक्क्याचे चिन्ह, ए, चार, टक्क्याचे चिन्ह, ए, आठ. एका अक्षराची नऊ चिन्हे. काना, मात्रा, अनुस्वार यांनाही प्रत्येकी नऊ. 'नंदुरबार' हा शब्द संगणकाच्या हिशेबाने आठ अक्षरांचा, म्हणजे बहात्तर चिन्हे. आता मोबाइलचा साधा एसएमएस घ्या. इंग्रजी संदेशात एकशे साठ अक्षरे मावतात. एक मराठी अक्षर घातले की मर्यादा सत्तरवर येते. म्हणजे आपल्या जिल्ह्याचे नुसते नाव, या रूपात, एका मराठी संदेशात मावत नाही! उर्दूवर थोडी मेहरबानी आहे, तिच्या अक्षराची सहाच चिन्हे होतात. इंग्रजीचे एक अक्षर म्हणजे एकच चिन्ह. हा हिशेब कोणी मुद्दाम आपल्याविरुद्ध केलेला नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्याचा दंड कोणी भरला हेही ठाऊक आहे. मराठी शीर्षकाच्या लेखाची लिंक पाठवली की समोरच्याच्या पडद्यावर टक्क्यांची रांग उतरायची, अर्ध्यात तुटायची आणि उघडायची नाही. अशा वेळी छोटी लिंक हाच मार्ग होता. जिल्हा परिषदेच्या तंत्रस्नेही शिक्षकांनी २०१५ नंतरच्या काळात स्वाध्याय, चित्रफिती, प्रशिक्षणाचे फॉर्म अशाच लिंकांनी एकमेकांना पाठवले. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज शोधत टेकडीवर चढणाऱ्या मास्तराला सहा अक्षरे हाताने वहीत उतरवून घेता येत. टक्क्यांची रांग उतरवता आली नसती.

तेव्हा दोष वापरणाऱ्यांच्या माथी मारू नका. ज्याच्याकडे स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ घ्यायला पैसे नव्हते, ज्याची भाषा यंत्राला जड जात होती, त्याने फुकट मिळणारा छोटा पत्ता घेतला. फुकट कोणी दिला? जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीने. विश्वास टाकावा असेच ते नाव होते.

योगायोग पाहा. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या जिल्ह्यातल्या टेंभली गावी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक तिथल्या आदिवासी भाऊबहिणींना दिले. गूगलने 'गू डॉट जीएल' सर्वांसाठी खुली केली ती ३० सप्टेंबर २०१० रोजी. एका दिवसाच्या अंतराने दोन प्रकारचे क्रमांक जगात आले. आम्ही आधारचे भाट नाही. त्या क्रमांकामुळे कोणाचे रेशन अडले, कोणाच्या बोटांचे ठसे उमटले नाहीत, हे या जिल्ह्यात राहून डोळ्यांआड करता येत नाही. पण त्या क्रमांकावर संसदेत वाद झाला, २०१६ मध्ये कायदा झाला, लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी त्यातले काय ठेवायचे आणि काय नाही ते सांगितले. जाब विचारायला दार होते. छोट्या लिंकेच्या बाबतीत दार कुठे आहे? 'जीएल' हे शेपूट तर ग्रीनलंड या बर्फाळ बेटाचे. दुसऱ्या एका प्रसिद्ध सेवेचे 'एलवाय' हे शेपूट लिबियाचे. २०१० मध्येच लिबियाच्या यंत्रणेने तसले एक नाव काढून घेतल्याचे प्रकरण गाजले होते. शहाद्याच्या शिक्षकाच्या स्वाध्यायाची वाट ग्रीनलंड आणि कॅलिफोर्निया यांच्या मर्जीने चालू होती, हे त्याला कोणी सांगितले होते?

आणि कंपनीचा सल्ला ऐकणाऱ्यांचे काय झाले? २०१८ मध्ये सेवा आवरती घेताना गूगलने सुचवले होते की दुसऱ्या कंपन्यांच्या सेवा वापरा, आणि अॅप बनवणाऱ्यांनी आमच्याच 'फायरबेस डायनॅमिक लिंक्स'कडे या. जे आज्ञाधारकपणे तिकडे गेले, त्यांची ती सेवाही कंपनीने बंद केली. तारीख? २५ ऑगस्ट २०२५. तीच. घरमालकाने एक खोली खाली करायला सांगून दुसरी दाखवावी, आणि पुढे एकाच दिवशी दोन्हींवर बुलडोझर आणावा, असा हा प्रकार.

ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला, मुदत तीन-साडेतीन आठवड्यांवर आली असताना, कंपनी थोडी नरमली. सगळ्या लिंका मारणार नाही, म्हणाली. २०२४ च्या अखेरच्या काळात ज्यांवर काहीच हालचाल दिसली नाही, तेवढ्याच बंद करू. वर्तमानपत्रांनी याला माघार म्हटले. आम्हाला त्यात तोच जुना न्याय दिसतो, फक्त महिना जाऊन मोसम आला. २०२४ च्या अखेरच्या काळात नंदुरबार जिल्ह्यात काय चालले होते? १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झाले, २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले, आणि दिवाळीनंतर दरवर्षीप्रमाणे तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडची कुटुंबे कोयते आणि बिऱ्हाड घेऊन गुजरातकडे ऊसतोडीला निघाली. पाड्यावरच्या शाळेतली अर्धी पोरे आईबापांबरोबर गेली. त्या पोरांसाठी त्यांच्या मास्तराने सात वर्षांपूर्वी तयार केलेला पावरी बोलीतला पाठ त्याच तीन महिन्यांत कोणी का उघडला नाही, याचे उत्तर कॅलिफोर्नियातल्या मोजपट्टीवर येत नाही. अहिराणी, पावरी, मावची, भिलोरी या भाषांतला मजकूर थोडाच असतो आणि तो पाहणारेही थोडे. हालचालीची अट लावली की सिनेमाची गाणी सुटतात आणि नेमके हेच सापडते. ज्याला दुसरीकडे पर्याय नाही तेच आधी जाते.

खर्चाचे म्हणाल तर हिशेब करून बघू. वहीत एक अब्ज ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीला दोनशे अक्षरे लागतात असे धरा. होतात दोनशे जीबी. एवढी हार्ड डिस्क नंदुरबारच्या बाजारात मिळते. चालवण्याचा खर्च साठवण्यापेक्षा जास्त असतो, यंत्रे राखावी लागतात, माणसे लागतात, हे मान्य. तरी 'आर्काइव्ह टीम' या नावाने काम करणाऱ्या बिनपगारी स्वयंसेवकांनी आपापल्या घरचे संगणक लावून या सेवेच्या अब्जावधी लिंका उघडून त्यांची नोंद करून ठेवली. हौशी माणसांना जे जमले ते कंपनीला झेपत नव्हते, यावर कोणी विश्वास ठेवावा?

एका आक्षेपाला मात्र वजन आहे. छोट्या लिंकेआड खरा पत्ता झाकला जातो आणि ठगांना तेच हवे असते. वीज तोडण्याचा खोटा संदेश, बँकेचा खोटा संदेश, आणि खाली सहा अक्षरांची लिंक. यात आपल्या ओळखीतली माणसे लुटली गेली आहेत. म्हणूनच ऑक्टोबर २०२४ पासून भारतात व्यापारी एसएमएसमधल्या लिंका आधी नोंदवून घेण्याचा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने लागू केला. योग्य केले. पण फसव्या लिंका वेचून मारता येतात, आणि कंपनी तसे करतही होती. चोर लपतात म्हणून गल्ल्याच बुजवायच्या, हा उपाय नव्हे.

दुसरी गोष्ट, अख्खी वही छापून सर्वांसमोर ठेवा, अशी मागणी काही उत्साही मंडळी करतात. तीही आम्हाला पटत नाही. लोकांनी खासगी कागदपत्रांच्या, घरच्या फोटोंच्या लिंकाही छोट्या करून घेतल्या होत्या. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी सहा अक्षरांच्या खुणा एकामागून एक चाचपून लोकांच्या खासगी फायलींपर्यंत पोहोचता येते हे सिद्ध केले होते. वही उघडी टाकली तर घराघरांत डोकावण्याचा परवानाच मिळेल. आमची मागणी साधी आहे. ज्याच्या हातात खूण आहे त्याला वाट सांगत राहा. नव्या ओळी लिहू नका, जाहिरात करू नका, जुन्या ओळींचा रस्ता तेवढा बुजवू नका. विश्वासाने हाती दिलेल्या वस्तूला आमच्याकडे अमानत म्हणतात. ती सांभाळताना तुम्हाला नफा होतो की नाही, हे कोणी विचारत नसते.

जुना पत्ता चालू ठेवणे अशक्य आहे काय? आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. आपल्या वाडवडिलांच्या कागदांवर जिल्हा 'पश्चिम खानदेश' आहे. महाराष्ट्र झाल्यानंतरच्या कागदांवर 'धुळे' आहे. १ जुलै १९९८ रोजी जिल्ह्याची फाळणी झाली आणि 'नंदुरबार' आले. एका शेताने, एका घराने तीन जिल्हे पाहिले. म्हणून पश्चिम खानदेशाचा कबाला रद्दी झाला नाही. विभाजनानंतर 'जि. धुळे' लिहिलेली पत्रे टपाल खात्याने नदीत सोडली नाहीत. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा अशी पत्त्याची उतरंड असल्यामुळे एक पायरी चुकली तरी बाकीच्या तिघी माणसाला दारात नेतात. सरकारी कारभाराला आपण रोज शिव्या घालतो आणि त्या बहुतेक वेळा रास्तच असतात. पण ज्या कामात ढिसाळ तलाठी आणि सायकलवरचा पोस्टमन उत्तीर्ण झाले, त्यात ही महाकाय कंपनी नापास झाली, हे लिहून ठेवायला हवे.

सरकारला पूर्ण गुण देण्याचे मात्र कारण नाही. महाराष्ट्र शासनाचा कोणताही अलीकडचा शासन निर्णय काढा. शेवटच्या परिच्छेदात त्याचा लांबलचक संगणक संकेतांक असतो. दिसायला ओबडधोबड, पण तो शासनाचा स्वतःचा. त्या क्रमांकाने निर्णय मागता येतो, मग संकेतस्थळाचे रूप कितीही वेळा बदलो. ही शिस्त मंत्रालयात आहे, ती खाली झिरपलेली नाही. तालुक्याच्या पातळीवरची परिपत्रके आजही व्हॉट्सअॅपवर येतात आणि त्यांच्या खाली कुठल्या तरी खासगी कंपनीची छोटी लिंक असते. शिष्यवृत्तीचा फॉर्म, आरोग्य शिबिराची नोंदणी, शिक्षकांची माहिती, सगळे त्या लिंकेपलीकडे. उद्या माहितीच्या अधिकारात कोणी विचारले की त्या फॉर्मात काय विचारले होते, तर कार्यालयाकडे उरते काय? सहा अक्षरे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले गेले, त्यांच्याखाली अक्षरे-अंकांची छोटी खूणही असते आणि ती सरकारच्या 'दीक्षा' या मंचावर उघडते. सरकारी मालकीची वही असल्याने ही पद्धत बरी. पण पुस्तक धाकट्या भावाकडे जाते, त्याच्याकडून मामेभावाकडे जाते, रद्दीतून कोणाच्या तरी हाती लागते. तेवढी वर्षे मंचाने ती खूण ओळखत राहावी, असे बंधन कोणत्या आदेशात लिहिले आहे? नसेल तर लिहा.

कागदी पुस्तकासाठी १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदा आहे. प्रकाशकाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत ठरलेल्या इतर ग्रंथालयांना द्यायची; त्यात आपल्या मुंबईचेही आले. कोणी वाचते का, महिन्याला किती वाचक येतात, असली अट कायद्यात नाही. तेव्हाच्या लोकांनी ती घातली नाही, कारण पुस्तक कशासाठी ठेवायचे हे त्यांना कळत होते.

आता थोडे आपल्या साहित्यिक मंडळींशी. 'छापायला पैसे नाहीत, आपण नेटवर टाकू आणि पुस्तकात लिंक देऊ' असे संमेलनांतून सर्रास ऐकू येते. आमच्या भागातल्या एका कार्यक्रमाच्या स्मरणिकेत वाचनासाठी म्हणून पंधरा-वीस छोट्या लिंकांची यादी होती. लेखकाचे नाव नाही, लेखाचे नाव नाही, साल नाही, नुसत्या खुणा. सेवा कुठल्या तरी लहान कंपनीची होती. ती कंपनी गेली, तिचे नाव दुसऱ्याने विकत घेतले, आणि त्या स्मरणिकेतली लिंक दाबली की आता पैसे लावून पत्ते खेळण्याची जाहिरात उघडते. वाचनालयात ती स्मरणिका अजून आहे. एखादी मुलगी संदर्भ शोधत येईल, आपल्या आजीच्या पिढीच्या ओव्यांवरचा लेख समजून ती लिंक दाबील आणि जुगाराच्या दारात उभी राहील. गूगलच्या बंद लिंकेवर निदान काही उघडत नाही.

या वार्षिकासारख्या अंकांचे आयुष्य तुम्हाला माहीत आहे. हजारभर प्रती, त्यांतल्या काही भेट, काही गठ्ठ्यात. पण पंचवीस वर्षांपूर्वीचा अंक आजही कोणी शोधत येतो, मुस्लिम मराठी लेखकांनी तेव्हा काय लिहिले ते त्यात पाहतो आणि त्याला ते वाचता येते. त्याच काळात संकेतस्थळांवर गेलेला मराठी मजकूर पुष्कळसा निरनिराळ्या कंपन्यांच्या खासगी फाँटांत होता, युनिकोड आल्यावर तो कोणाला वाचता येईना. जिओसिटीज २००९ मध्ये गेले, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. त्यांवरच्या मराठी चर्चा, भांडणे, कविता त्यांच्याबरोबर गेल्या. हे तीन-तीनदा पाहूनही जे संपादक संदर्भ म्हणून नुसती छोटी लिंक छापतात, त्यांना आम्ही आळशी म्हणू. लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, तारीख, कुठे प्रसिद्ध झाला ते, आणि मग पूर्ण पत्ता, टक्क्यांच्या रांगेसकट, चार ओळी गेल्या तरी चालतील. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. त्यातले काहीही एक शिल्लक राहिले तरी शोधणारा पोहोचतो.

आणि एक काम लगेच करण्यासारखे आहे. 'गू डॉट जीएल'च्या काही लिंका अजून चालू आहेत, त्यांना २०२४ च्या अखेरीस कोणी तरी भेट दिली होती म्हणून. त्या किती दिवस चालतील याचा भरवसा धरू नका. २०१० ते २०१९ च्या दरम्यान छापलेल्या स्मरणिका, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, दिवाळी अंक आपापल्या वाचनालयांतून बाहेर काढा. शिक्षकांनी, ग्रंथपालांनी प्रत्येक लिंक उघडून पाहावी. जी उघडेल तिचा पूर्ण पत्ता आणि पानाचे शीर्षक तिच्या शेजारी समासात पेनाने लिहावे आणि पानाची एक छापील प्रत अंकात टाचून ठेवावी. जी उघडणार नाही तिची खूण जपून ठेवा, स्वयंसेवकांच्या साठ्यात ती सापडण्याची शक्यता आहे. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव. सहा तालुके आहेत. एका सुट्टीत होण्याजोगे काम आहे.